वहीतली चार दिवसांची रेघ

तीर्थरूप बाबा,

नमस्कार. इथे अमेरिकेत, पिस्कॅटवेत, भयंकर उकडतंय, पण मी मजेत आहे. रूममेट सुवर्णा आमटी झकास करते, तेव्हा जेवणाची काळजी नको.

तुमच्या पावसाच्या वह्या कामी आल्या! आमच्या हवामानाच्या कॉम्प्युटर मॉडेलने काढलेला देवरुखचा जुना पाऊस मी तुमच्या रोजच्या आकड्यांशी ताडून पाहिला. बराचसा जुळला. फक्त एका जुलैत मॉडेल चार दिवस धो धो पाऊस दाखवत होतं आणि तुमच्याकडे शून्य. मॉडेलच चुकलंय म्हणून आठवडाभर डोकं फोडलं. मग वहीचा फोटो पुन्हा उघडला. तिथे शून्य नव्हतंच, रेघ होती, म्हणजे त्या दिवसांची नोंदच नाही. शून्य मीच भरलं होतं.

माझ्या गाइड सरांनी विचारलं, "एरवी एक दिवस न चुकवणाऱ्या माणसाने हे चारच दिवस का सोडले?" तारखा बघून मला हसूच आलं. माझा जन्म! तुम्ही रत्नागिरीला दवाखान्यात आईजवळ होतात.

गुडघा कसा आहे? आईला विचारलं की ती विषय बदलते. अजूनही भर पावसात पर्जन्यमापक बघायला गच्चीवर चढता ना? दुखेल त्या दिवशी खुशाल रेघ मारा, बाबा. मी आता तिचं शून्य करणार नाही.

तुमची,
ऋजुता