गोळा आणि जीव

ती. बाबांना नमस्कार.

घडलं ते असं:

१. सोमवारी, दहाव्या आठवड्यात, माझा गर्भ आपोआप पडला.
२. आता मी बरी आहे. ह्यांनी रजा घेतली आहे, दोन्ही वेळा नीट जेवते.
३. तुम्ही फोनवर म्हणालात, "अगं, नुसता गोळा तो. मनाला लावून घेऊ नकोस, कामाला लाग."
४. त्याच संध्याकाळी ताईने गर्भपात करायचा म्हटल्यावर तुम्ही तिला सुनावलंत, "जीव आहे तो! मारून आलीस तर या घराची पायरी चढू नकोस."

बाबा, तिचाही दहावाच आठवडा आहे. मी रोज पेशंटची सोनोग्राफी करते. पडद्यावर माझा गोळा आणि तिचा जीव वेगळे दिसत नाहीत. जीव नेमका कधी येतो, हे मला शिकवणाऱ्यांनीही छातीठोकपणे सांगितलं नाही. तुम्ही मात्र एका दिवसात दोन निकाल दिलेत. मला रडू दिलं नाहीत, तिला बोलू दिलं नाहीत.

आईचा गुडघा कसा आहे? तिला जिने चढायला लावू नका.

ताई येत्या सोमवारी दवाखान्यात जाणार आहे, ते आता ठरलं आहे. नंतर तिने विश्रांतीला घरी यायचं की मी तिला इकडे आणायचं, ते शनिवारपर्यंत कळवा.

तुमची,
धाकटी