अण्णांचे पाढे

ती. आईस,

नमस्कार. अण्णांच्या जिवावरचं टळलंय, हे आधी वाच आणि मग बाकीचं.

इथल्या डॉक्टरीणबाईंनी मला चित्र काढून समजावलं. रक्तदाब वाढून मेंदूच्या डाव्या बाजूची बारीक रक्तवाहिनी फुटली. बोलणं तिथूनच होतं, म्हणून शब्द अडलेत. साचलेलं रक्त हळूहळू जिरेल, ऑपरेशन नको म्हणाल्या. शब्द किती परत येतील ते मात्र सांगत नाहीत.

काल उशाशी बसून, लहानपणी ते मला शिकवायचे तसं, मी "बे एके बे" म्हटलं. तर "बे दुणे चार" म्हणत थेट वीसपर्यंत गेले! शेजारच्या खाटेवरचे काका म्हणाले, "मास्तर, आमची परीक्षा नका घेऊ हं!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घोकलेलं कधीकधी टिकून राहतं. मग मी विचारलं, "अण्णा, पाणी हवं?" त्यांचे ओठ हलले, शब्द आला नाही. डोळे भरले.

तू तुझी रक्तदाबाची गोळी चुकवत नाहीस ना?

रविवारी फोन करीन. त्यांचा आवाज ऐकायचा असेल, तर "कसे आहात" विचारू नकोस. नुसतं "बे एके बे" म्हण आणि थांब.

तुझी,
धाकटी