तुला न वाढलेली बरगडी

अक्का,

वर आधी 'तीर्थरूप' लिहिलं होतं, ते खोडलं. तुझ्यापुढं असे मोठे शब्द लिहायला मला तोंड राहिलेलं नाही. तू जाऊन दोन वर्षं झाली. आज मी पहिल्यांदा चुलीपुढं बसून बोकडाच्या बरगड्या केल्या आणि तेव्हापासून जिवाला चैन नाही, म्हणून लिहितोय.

यमुना परत आली गं! तुझ्या मांडीवर वाढलेली माझी लेक, एकोणीस वर्षांची, मोकळ्या कपाळानं दारात उभी राहिली. जावई तापानं गेले. तूही अशीच माहेरी आली होतीस ना? मी तेव्हा सात वर्षांचा होतो.

तेव्हा काकांनी तुला बजावलं होतं, "आता मटण खायचं न्हाय." खायचं नाही, पण आम्हाला शिजवून घालायला कुणाची हरकत नव्हती! तीस वर्षं घातलंस. आणि मला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही.

काय करायचीस तू त्या बरगड्या! आतल्या बाजूचा पातळ पापुद्रा नखानं सोलायचीस, कच्ची पपई नि आलं-लसूण वाटून चोळायचीस, काळा मसाला लावून दुपारपर्यंत झाकून ठेवायचीस. मग पातेल्यात मंद आचेवर, झाकणावर निखारे ठेवून, आणि शेवटी जाळीवर. चव तुला घेता यायची नाही. बोटानं दाबून, वास घेऊन ओळखायचीस. मीठ चाखायला तेवढी छोट्या यमुनेला हाक मारायचीस. गिरणीतले माझे सोबती बोटं चाटत विचारायचे, "कुणी केलं रं?" तू आत भाकरी थापत असायचीस. तुझ्या ताटात काय असायचं? मी कधी वाकून पाहिलंही नाही.

शेवटच्या दुखण्यात तू अंथरुणावरून सांगत गेलीस आणि तुझ्या भावजयीनं, सखूनं, तशाच बरगड्या केल्या. घरभर वास सुटला होता. तू माझा हात धरलास.

"शिवा, एक बरगडी दे की रं. नुसती चोखून टाकीन. कुणाला कळणार न्हाय."

मी काय म्हणालो, ते आठवलं की मान वर होत नाही. "अक्का, या वयात जीभ चाळवली व्हय? लोक काय म्हणतील?"

"व्हय बाबा, चुकलंच माजं," म्हणालीस आणि भिंतीकडं तोंड केलंस. त्यानंतर पाणीसुद्धा मागितलं नाहीस. आठव्या दिवशी गेलीस. अगं, भांडली का नाहीस माझ्याशी? एक शिवी तरी द्यायचीस!

आणि तुझ्या तेराव्याला मी चारचौघांत सांगितलं, "अक्काची कशावर वासना राहिली न्हवती."

काल काका काठी टेकत आले. "पोरीला समजावून सांग, आता खाण्यापिण्याचं बंधन पाळायचं." या वेळी मी म्हणालो, "न्हाय काका. माजी लेक माज्या घरात सगळं खाईल." ते चहा न घेता गेले.

म्हणून आज मीच बसलो. सखू सांगत होती, तरी पापुद्रा अर्धा राहिला आणि एक बाजू करपली. यमुनेच्या ताटात स्वतःच्या हातानं वाढलं. तिनं बरगडीला हात लावला नाही. माझ्याकडं बघत राहिली.

"आबा, मग आत्त्याला का न्हाय दिलं कदी?"

अक्का, मी पुन्हा खोटं बोललो. म्हणालो, "तिनं कदी मागितलंच न्हाय, बाळ."

सखूनं मान खाली घातली. तिनं तेव्हा सगळं ऐकलं होतं. यमुनेनं मात्र माझ्यावर विश्वास ठेवला आणि खाल्लं. "चव हाय, पण मास हाड सोडंना. आत्त्याचं कसं अलगद सुटायचं!" म्हणाली आणि कितीतरी दिवसांनी हसली. ते हसू मला बघवेना. लेकीसाठी जे एका वाक्यात जमलं, ते ज्या बहिणीनं मला वाढवलं तिच्यासाठी का जमलं नाही? इतकं सोपं होतं गं ते!

उद्या गिरणीतून आलो की यमुनेला समोर बसवून सांगणार आहे: तुझ्या आत्त्यानं मागितली होती, मी दिली नाही. काकांकडं जाऊन त्यांनाही सांगेन. यमुना माझ्याशी बोलायची थांबली तर थांबू दे. तुझ्याबद्दल माझ्या तोंडून आता खोटं निघणार नाही, एवढा शब्द देतो.

तुझा अपराधी भाऊ,
शिवा