आमच्या रानातला शिकारी

प्रिय शेफाली,

तुझा निरोप पप्पूच्या मोबाईलवर आला. पाहुण्यांना नसरापूरहून टेम्पोत घालून आणायचा, तोच आपला पप्पू. त्यानं अंगणात उभं राहून मोठ्यानं वाचून दाखवला: ‘नूतन, लोक पुन्हा रानाकडं वळलेत. जूनमध्ये नवरंग पक्षी येईल, त्याच्या आधी लपण नीट करून घे. पंधरा जणांचं जेवण जमेल ना?’ खाली एक हसरा चेहरा. मी हातातली परात अशी आदळली की आत्यांनी आतून विचारलं, “काय पडलं गं?” उत्तर दोन ओळींत देता आलं असतं. पण दोन ओळींत हा राग मावत नाही, आणि फोनवर बोलायला गेले तर माझ्या तोंडून असं काही निघेल की मागाहून तुला नाही, मलाच वाईट वाटेल. म्हणून कागद घेतला.

तू पहिल्यांदा आलीस ती धरणाच्या पाण्याकडेनं, तुटलेली चप्पल हातात घेऊन. पक्ष्यांचा अभ्यास करतेय म्हणालीस. आमच्या ओसरीवर दोन रात्रींसाठी टेकलीस आणि पावसाळा संपेपर्यंत राहिलीस. आत्या तुझ्या डोक्याला तेल लावायच्या, मला, सुनेला, कधी लावलं नाही त्यांनी. आपण दोघी पाण्याला जाताना एवढं हसायचो की बाकीच्या बायका म्हणायच्या, ह्या दोघी सख्ख्या बहिणी दिसतायत. तुझी सगळी भटकंती बंडूबरोबर. माझा हा धाकटा दीर पुण्यात हॉटेलात टेबलं पुसायचा, तेव्हा सुट्टीला आला होता, ते काम सोडून इथंच राहिला तो तुझ्या शब्दावर. आमचे सासरे डुकरं धरायचे, फास लावण्यात त्यांचा हात साऱ्या खोऱ्यात कुणी धरत नव्हतं, हे तुला पहिल्याच दिवशी बंडूनं स्वतः सांगितलं होतं. लपवलं नव्हतं.

मग तू गावाला बसवून सांगितलंस की मेलेलं जनावर एक दिवस पोट भरतं, जिवंत जनावर बघायला माणसं वर्षानुवर्षं येतील. खोटं नव्हतं ते. माणसं आलीच. पण त्यासाठी काय काय करायला लावलंस, आठवतं ना? शेळ्या कोवळी झाडं खातात म्हणून विकायला लावल्यास. झऱ्याखालची आमची खाचरं पड टाकलीस, तिथं पाणवठा केलास, पुढं बोरूचं लपण बांधलंस. बंडू घरोघर हिंडला, गावातले सगळे फास गोळा करून त्यानं तुझ्या पुढ्यात ओतले. मोठमोठ्या कॅमेऱ्यांची माणसं त्या लपणात बसायची, आणि आम्ही बाया आळीपाळीनं पिठलं-भाकरी करायचो. चंद्राबाईनं त्याच कमाईवर पोरीला भोरच्या कॉलेजात घातलं. बंडूला तू दुर्बीण दिलीस, तो ती पोरासारखी गळ्यात घेऊन हिंडायचा. चांगले दिवस होते, शेफाली. ते मी नाकारत नाही. म्हणून तर जास्त चीड येते.

करोना आला तेव्हा मार्चमधला तुझा शेवटचा गट जेवण अर्ध्यावर टाकून पळाला. आम्ही रस्त्यावर बोराटीच्या फांद्या टाकल्या. तू म्हणालीस, महिन्याभराचा प्रश्न आहे. नंतर म्हणालीस, दिवाळीनंतर बघू. त्यानंतर फोन कमी होत गेले. तुझंही ऑफिस बंद झालं, गाडी विकावी लागली, हे मला नंतर कळलं. त्यासाठी मी तुला बोल लावत नाही. रोग काही तू आणला नव्हतास. पण त्याच दिवसांत तू मोबाईलवर आपल्या पाणवठ्याचा फोटो टाकलास आणि खाली लिहिलंस, ‘माणूस घरात बसला आणि निसर्गानं मोकळा श्वास घेतला.’ अगं, त्या निसर्गाच्या पलीकडे शंभर पावलांवर आमच्या चुली होत्या. रेशनचा तांदूळ होता, पण त्यावर घालायला काही नव्हतं. अडीनडीला विकायची शेळी नव्हती. खाचर पड होतं. पुण्या-मुंबईहून काम सुटलेली पोरं परत आली होती, ती त्याच भांड्यात जेवत होती. आणि माणसांची ये-जा थांबल्यावर डुकरं दिवसाढवळ्या वस्तीपर्यंत यायला लागली. उरलेल्या तुकड्यातली नाचणी पिकायच्या आत नांगरून टाकली त्यांनी. हा श्वास तुझ्या फोटोत आला नाही.

दुसऱ्या वर्षी पुन्हा सगळं बंद झालं, तेव्हा बंडूनं फास लावला. त्यानं तो लावला नाही असं मी म्हणणार नाही, आणि तोही कधी म्हणाला नाही. गाडीच्या क्लचची तार, आमच्याच बांधावर, डुकराच्या वाटेवर. आत्यांनी विचारलं तर म्हणाला, “आई, रान राखून राखून आपलीच राख झाली. एक डुक्कर पडंल, चार घरं जेवतील.” चौथ्या दिवशी सकाळी तो धावत आला. “वहिनी, बिबट्या अडाकलाय. पाय कापत चाललाय त्याचा.” डोळे मिटून घरी बसता आलं असतं त्याला. गावातले दोघे तेच सांगत होते, “आरं, कुणाला कळणार न्हाई. मरंल तवा पुरून टाकू.” बंडू त्यांच्यावर धावून गेला. मग परत बांधावर जाऊन उभा राहिला, वनखात्याची माणसं येईपर्यंत. कुत्री हाकलत, जवळ येणाऱ्या पोरांना दगड दाखवत. बिबट्या जगला. जखम भरल्यावर त्याला लांबच्या रानात सोडलं म्हणतात. बंडूला मात्र गाडीत घालून नेलं. गेला तसाच, ‘लावला होता मीच’ एवढंच म्हणत.

आणि तू काय केलंस? तू लिहिलंस ‘आमच्या रानातला शिकारी’. वर फोटो बंडूचा, गळ्यात दुर्बीण घालून हसणारा, तूच काढलेला. ‘ज्याच्यावर विश्वास टाकला तो रंगेहाथ पकडला गेला. शिकार रक्तातून जात नाही.’ हे वाक्य मला पाठ झालंय, शेफाली, मी विसरायचा फार प्रयत्न केला. रक्त? ज्या आत्यांनी तुला तेल लावलं त्यांचंच ना ते रक्त? हजारो लोकांनी ते वाचलं. दुसऱ्या गावांत तू पाहुण्यांसाठी चालवतेस त्या छावण्यांचं नाव राहिलं. टीव्हीवर तुला बोलावलं. इथं मात्र निर्बंध उठल्यावरही एक कॅमेरा फिरकला नाही, शिकाऱ्यांच्या गावात कोण येतो? चंद्राबाईच्या पोरीनं कॉलेज सोडलं. उत्रोलीचं स्थळ बंडूला जवळजवळ ठरलं होतं, मुलीच्या मामानं मोबाईलवर तो फोटो बघितला आणि सुपारी परत आली. आता तो जामिनावर सुटलाय, वरव्याजवळ एका गोदामात पोती उचलतो. पहाटेच्या एसटीनं जातो, अंधारात येतो. पाणवठ्याकडं पाऊल टाकत नाही. परवा अंगणातल्या झाडावर हळद्या ओरडला, तर उठून आत गेला. आत्यांचं तुझ्याबद्दल एकच बोलणं असतं: “तिनं माज्या हातची भाकर खाल्लीया. येक डाव तरी इचारायचं व्हतं, बंडू, का रं लावलास?”

लपण मी दुरुस्त करणार नाही. त्याचा बोरू मागच्याच वर्षी चुलीत गेला. पण नकार कळवायला एवढं लिहिलं नसतं. पुढच्या बुधवारी भोरच्या कोर्टात बंडूची तारीख आहे. सगळे कागद सांगतात की एका बाईंच्या फोनवरून वनखातं आलं, आणि हा फासाजवळ सापडला. ती बाई कोण आणि तिला कुणी कळवलं, हे कुठंच लिहिलेलं नाही. तुला माहीत आहे, मलाही माहीत आहे, कारण त्या सकाळी बंडूनं माझ्याच मोबाईलवरून तुला फोन लावला होता आणि मी शेजारी उभी होते. जनावराला काही झालं तर आधी मला कळव, असं तूच त्याला सांगून ठेवलं होतंस. तो रडत म्हणाला, “ताई, माझ्याच फासात आलाय, माझं काय व्हायचं ते होऊ द्या, पर त्याला वाचवा.” एवढं ऐकून तू वनखात्याला फोन केलास, आणि वर रंगेहाथ लिहिलंस. वकील म्हणतात, फोन झाला हे कागदावर निघेल, पण काय बोलणं झालं हे वहिनीनं सांगून भागणार नाही, पलीकडच्या माणसानं सांगावं लागेल. फास लावल्याची जी शिक्षा असेल ती तो भोगायला तयार आहे. पण ज्यानं स्वतःहून कळवलं त्याला चोरून पकडलेला म्हणू देऊ नकोस. तुला यायला सांगू नकोस, असं बंडूनं मला बजावलंय. त्याला न विचारता लिहितेय. बुधवारी अकराला ये आणि त्या सकाळी तुला फोन कुणी केला ते उभी राहून सांग. मग नवरंगाचं बोलू. नाही आलीस, तर या गावचा रस्ता विसर.

बुधवारपर्यंत तुझीच,
नूतन