माझ्या पाठीत निघालेली नवी प्रजाती

विजय नगर, जबलपूर
शनिवार, जेवणानंतर

आदरणीय व्याहीबुवा श्री. रत्नाकररावजी यांना जबलपूरहून श्यामसुंदर चिंचाळकरचा दोन्ही हात जोडून नमस्कार, विहीणबाईंनाही सांगावा. इकडे नर्मदामाईच्या कृपेने सगळे ठीक (ठीक म्हणजे जिवंत, बाकीचं खाली लिहितो). तुमचा गुडघा काय म्हणतो? आणि विहीणबाईंच्या पाठीला खाज सुटली आहे असं तुम्ही फोनवर म्हणालात, ती उतरली का? थंडीच्या तोंडावर कातडी कोरडी पडतेच, काळजीचं कारण नाही. दिवाळीनंतर गौतमच्या हाती (आमच्या शेजारचा, बँकेतला, दर शनिवारी नागपूरला घरी जातो तो) आम्ही खोव्याची जिलबी आणि सोबत एक बारीकशी घरगुती भेट पाठवली होती, ती पोचली हे ऐकून समाधान वाटलं. हे पत्रही त्याच्याच हाती देतो आहे. तुम्ही म्हणाल, आजच्या जमान्यात पत्र काहून? तर फोनवर बोलावं तर घरात चार कान, आणि मोबाइलवर लिहावं तर तो मला सूनबाईनेच शिकवला, त्यातलं सगळं तिला दिसतं अशी माझी पक्की समजूत आहे. आणि लिहायचं आहे ते तिच्याबद्दलच.

रत्नाकररावजी, मी पार हादरून गेलेला माणूस आहे. तुमच्या अवंतिकेला सून करून आणलं त्याला दोन वर्षं होतील. या दोन वर्षांत मला जेवढे धक्के बसले, तेवढे फॅक्टरीत पस्तीस वर्षं दारूगोळ्याशेजारी बसून बसले नाहीत. पहिला तर मांडवातच. लोकांच्या रुखवतात साखरेचं तुळशीवृंदावन असतं, सप्तपदीची पावलं असतात. तुमच्या रुखवतात बरण्या होत्या. माझी बहीण माधवी (वरूडची) लोणचं समजून मोठ्या कौतुकाने एकीचं झाकण उघडून वास घेऊन बसली, आणि बाईला पुढची मंगलाष्टकं ऐकू आली नाहीत. तेव्हा तुम्ही म्हणालात, समुद्रातले स्पंज आहेत, मुलीच्या अभ्यासाचा विषय. मी म्हटलं, चलो, स्पंज तर स्पंज, भांडी घासायच्या कामी येतील. यात माझी तरी काय चूक? जबलपूरच्या माणसाने समुद्र ओळखावा कसा? इथून कोणत्याही दिशेला निघा, समुद्र लागायला एक रात्र आणि वर अर्धा दिवस रेल्वे. मुलगी इथल्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते आणि समुद्र तिच्याकडे पार्सलने येतो.

मग एक दिवस आमच्या मंडळींनी (वसुधाने) फ्रीजमध्ये कोथिंबिरीमागे बरणीत नारिंगी गोळा पाहिला आणि सहज विचारलं, बाई गं, ही कुठली भाजी? सूनबाई शांतपणे म्हणाली, आई, भाजी नाही, प्राणी आहे. प्राणी! त्याला तोंड नाही, पोट नाही, हृदय नाही, मेंदू नाही, जागचा हलत नाही, आणि तरी प्राणी. (असा एक साहेब आमच्या फॅक्टरीत होता, पण त्याला पोट होतं.) वसुधा मटकन पाटावर बसली. ती उठते न उठते तोच कळलं की बरणीतलं पाणी म्हणजे पाणी नाही, स्पिरिट आहे. म्हणजे बघा, आमच्या सात पिढ्यांच्या शाकाहारी घरात मांस आणि दारू एकाच बरणीत, तेही नैवेद्याच्या दह्याला खेटून! वसुधाने फ्रीज नर्मदाजलाने तीनदा पुसला. अंबरीश (माझा मुलगा नि तुमचा जावई, जो अशा वेळी नेमका टूरवर असतो) मग मुकाट्याने वेगळा छोटा फ्रीज घेऊन आला.

पण खरं सांगू? मला त्या कामाची गोडी लागली. कारण ती जे करते ते सरळसरळ इन्स्पेक्शन आहे, म्हणजे माझंच फॅक्टरीतलं काम. स्पंजाचा रंग फसवा, आकार फसवा. एकच स्पंज एका खडकावर ताटासारखा पसरतो आणि दुसऱ्यावर ढेकळासारखा बसतो. म्हणून नखाएवढा तुकडा घ्यायचा, ब्लीचमध्ये टाकायचा, मांस विरघळतं, आणि तळाशी उरतात त्याच्या अंगातल्या काचेच्या सुया. हो, काचेच्या! हे ऐकून मी चाटच पडलो. केसाहून बारीक, कोणाच्या टाचणीसारख्या, कोणाच्या चांदणीसारख्या. त्या सूक्ष्मदर्शकाखाली मोजायच्या आणि जगभरातल्या जुन्या नोंदींशी ताडायच्या. कशाशीच नाही जुळल्या, तर नवी प्रजाती. संध्याकाळी मी शेजारी बसून मापं लिहून घेऊ लागलो. ती म्हणाली, बाबा, नवी प्रजाती जाहीर करायची तर एक मूळ नमुना नंबर घालून संग्रहालयात कायमचा ठेवावा लागतो, पुढे कोणालाही शंका आली तर त्याच्याशी ताडून बघायचं. मी म्हटलं, अच्छा, हे तर आमचं सील्ड सॅम्पल! फॅक्टरीत प्रत्येक मालाचा एक मंजूर नमुना काचेच्या कपाटात कुलपात असायचा. मुरलीधर नावाच्या सहकाऱ्याने एकदा तो कागदांवर वजन म्हणून ठेवला, तर मी स्वतः वर रिपोर्ट केला आणि त्याची वेतनवाढ थांबली. (अजून रांझीच्या बाजारात मला पाहून तो रस्ता बदलतो.) नमुन्याची किंमत मला कोणी शिकवायला नको, हे तुम्ही ध्यानात ठेवा.

तर या पावसाळ्यात तामिळनाडूकडच्या एका कोळ्याने जाळ्यात आलेल्या स्पंजाचा नखभर तुकडा तिला पाठवला. सुया पाहिल्या आणि पोरगी खुर्चीतून उडालीच. दोन्ही टोकांना कुऱ्हाडीचं पातं असलेली सुई! अशी कुठे नोंदच नाही. तिने अख्खा नमुना मागवला. कोळ्याकडे एकच होता, वाळवलेला. त्याने फोटो पाठवला, पार्सल निघालं, आणि आलंच नाही. तिचा निबंध लिहून तयार, पाठवायची शेवटची तारीख परवाचा सोमवार, आणि नमुन्याचा पत्ता नाही. नमुना नाही तर प्रजाती नाही, सगळी मेहनत पाण्यात. ती जेवेना. मला तिचं तोंड बघवेना. मी स्वतः कुरियरवाल्याला दारात उभं करून असं झापलं की गल्ली जमा झाली. तो बिचारा सांगून राहिला, अंकलजी, आपने ही तो साइन किया था, आणि मी म्हणून राहिलो, झूठ मत बोलो.

नेमकी त्याच सुमाराला माझ्या पाठीला आग सुटली. खाज म्हणावी तर खाज नाही, टोचणं म्हणावं तर टोचणं नाही. सदरा लागला की जीव जाई. खोबरेल झालं, हळद झाली, वसुधाने दृष्टही काढली. शेवटी सूनबाईनेच मला स्कूटीवर मागे बसवून इथल्या डॉक्टरकडे नेलं. त्याने भिंगातून पाठ पाहिली आणि म्हणाला, अंकलजी, रिछाई में फायबरग्लास का काम करते हैं क्या? पीठ में काँच भरा है. (रिछाई म्हणजे इथली कारखान्यांची वसाहत.) मी रिटायर्ड माणूस, काच कुठली? डॉक्टरने चिकट टेप पाठीला लावून सर्रकन ओढला, आणि टेप टाकणार तोच सूनबाई म्हणाली, डॉक्टर साहब, वो मुझे दीजिए.

घरी येऊन तिने तो टेप काचपट्टीवर लावला, डोळा टेकवला आणि किंचाळली, बाबा, सापडला! मीही आनंदाने उभा राहिलो. मग तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला, कारण सापडला कुठे, तर माझ्या पाठीत. दोन्ही टोकांना कुऱ्हाड, एक नाही, शेकड्याने. तिने फक्त विचारलं, बाबा, पाठ कशाने घासता?

आता ते सांगतो. ती कॉलेजच्या मुलांना घेऊन तीन दिवस भोपाळला गेली होती तेव्हा एक खोकं आलं होतं. आलेला माल उघडून तपासणं हा माझा स्वभाव. आत एक वाळलेली, भुरकट, जाळीदार वस्तू. माधवी दर दिवाळीला वरूडहून पाठ घासायला वाळलेलं गिलकं पाठवते, हे घरात पोरासोरांनाही माहीत. मी म्हटलं, यंदा गिलकं जरा जून निघालं. सोबत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी होती, इंग्रजीत, पण चष्मा वर राहिला होता आणि आंघोळीचं पाणी निवून चाललं होतं. चार दिवस मी त्याने पाठ घासली, रत्नाकररावजी. जगात एकच असलेल्या प्राण्याने! कार्बोलिक साबण लावून!

न्हाणीघरातून तो आणून दिला, तर तिने तो ओला तसाच छातीशी धरला आणि रडली. ओरडली असती तर परवडलं असतं. मला मुरलीधरची वेतनवाढ आठवली. मग डोळे पुसून तिने कोळ्याने पाठवलेला फोटो बाहेर काढला, शेजारी ठेवला आणि म्हणाली, बाबा, फोटोत तर हा दुप्पट आहे, आणि वरचं मोठं छिद्र, जिथून तो पाणी सोडतो, ते कुठे आहे? त्याशिवाय वर्णन पुरं होत नाही. माझ्या तोंडून गेलं, साबणाने झिजला असेल. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, तुकड्याच्या कडेवरून बोट फिरवलं आणि वहीत लिहून घेतलं: साबणाने निम्मा झिजतो. ते सोमवारी छापायला जाणार. जगभरचे विद्वान वाचणार. कोणीतरी साबण लावून बघणार!

असो. लेकीची काळजी करू नका, ती वाघीण आहे. मोठ्यांना दंडवत, लहानांना आशीर्वाद, आणि गुडघ्याला तिळाचं तेल लावत जा.

आपला,
श्यामसुंदर

ता. क. – स्पंज साबणाने झिजत नाही. वर लिहायला हात धजला नाही. खोकं आलं त्याच संध्याकाळी मी मनात म्हटलं, दसऱ्याला व्याह्यांनी संत्र्याची बर्फी पाठवली, आपल्याकडून जिलबीसोबत काही घरचं जावं. व्याह्यांकडे कमी गेलं असं कोणी म्हणू नये, म्हणून व्हर्नियर लावून बरोब्बर मध्यावर खूण केली आणि हॅकसॉने कापलं. छिद्राचं अर्धं देखणं होतं, ते तुम्हाला. ती घरगुती भेट म्हणजे तोच तुकडा. जिथे असेल तिथून, असेल तसा, बर्फीच्या डब्यात तळाशी घालून उद्या गौतमच्या हाती पाठवा. मी म्हणेन, न्हाणीघराच्या मोरीत सापडला. अवंतिकेला एक अक्षर कळू देऊ नका, एवढी भीक घाला. मुलाच्या बापाने मुलीच्या बापाकडे हात पसरल्याचं आमच्या घराण्यात हे पहिलंच उदाहरण.

ता. क. – तुमचं मन वळावं म्हणून फोडायची नव्हती ती गोष्ट फोडतो. निबंधाचा मसुदा मी चोरून पाहिला. त्या प्रजातीला तिने तुमचं नाव दिलं आहे, रत्नाकरी. (पाठ माझी, नाव तुमचं, मला वाईट वाटलं, पण ते राहू द्या.) तेव्हा विहीणबाई सध्या ज्याने पाठ घासत आहेत ते तुमचं अजरामर व्हायचं साधन आहे, आणि त्यांची खाज थंडीची नाही.

ता. क. – पाकीट चिकटवायला सूनबाईकडे टेप मागितला, तर तिने दोन रोल आणून दिले. एक पाकिटाला, म्हणाली, आणि एक आत घाला, नागपूरच्या आईच्या पाठीसाठी. वर म्हणाली, बाबा, आईने मला फोनवर खाज सांगितली तेव्हाच कळलं, आणि साबणाने झिजलेली कड अशी हॅकसॉसारखी सरळ नसते. वहीत लिहिलं ते तुम्हाला दाखवायलाच, छापायला नाही; तुम्ही कधी सांगता याची वाट बघत होते. चार दिवस बघून राहिली होती, रत्नाकररावजी! माझी मान वर होईना. मग तीच हसली, आणि खांद्यावर हात ठेवून गेली. तर आता लपवाछपवी नको, तुकडा राजरोस पाठवा. विहीणबाईंना सांगा, टेप ओढून होईपर्यंत आंघोळ करू नका. आणि टेपवर तारीख, गाव आणि पाठ कोणाची, हे पेन्सिलने स्पष्ट लिहा. मी या वेळी चष्मा लावून वाचणार आहे.