शिक्षणाचा रकाना

तीर्थरूप आईच्या पायांवर डोकं ठेवून,

मी बरा आहे. खोली कोरडी आहे, जेवण वेळेवर होतं. तुझा गुडघा कसा आहे?

तंत्रज्ञाच्या जागेचं मागच्या पत्रात कळवलं होतं. आमचा कारखाना दहावी पास झालेली सहा मुलं घेऊन, दोन वर्षं शिकवून, त्यांना पक्के तंत्रज्ञ करणार आहे. परीक्षेत दहा लोखंडी दांड्यांची जाडी मोजायची होती. दहाही मापं बरोबर आली ती फक्त माझी.

अर्जात शिक्षणाच्या रकान्यात मी ‘नववी’ लिहिलं. मिस्त्री म्हणाले, “अरे शहाण्या, दहावी लिही, कोण बघतंय!” माझा हात वळला नाही. यादीत माझं नाव नाही. साहेब म्हणाले, “हात सोन्याचा आहे रे तुझा, पण दाखला कुठून आणू?”

सोमवारी ती सहा मुलं आली. त्यांना मापं घ्यायला शिकवण्याचं काम साहेबांनी मलाच दिलंय. मुलं चांगली आहेत. काल एकानं विचारलं, “सर, तुम्ही कुठल्या शाळेत शिकलात?” मी त्याला मोजपट्टीचं शून्य पुन्हा तपासायला लावलं.

धाकटीची दहावी होईपर्यंत तिला एक दिवसही कामासाठी घरी ठेवू नकोस.

बाबांना यातलं काही सांगू नकोस. त्यांच्या आजारपणात माझी शाळा सुटली, हे ते अजून मनाला लावून घेतात. त्यांनी विचारलंच तर सांग, पोराला तिथे शिकवायला ठेवलंय. ते काही खोटं नाही.

तुझाच,
थोरला