रिकामं स्टेशन

अण्णा नगर, चेन्नई
१९ ऑगस्ट २००७

चि. उपेंद्र,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे. उकाडा, डास आणि मी, तिघंही आपापलं काम चोख करतोय. हे रोज सकाळी फिरायला जातात आणि कोपऱ्यावर फिल्टर कॉफी पिऊन परत येतात. त्याला घरात व्यायाम म्हणायची पद्धत आहे. तुझी सीडी या महिन्याच्या सुरुवातीलाच मिळाली. "मिळाली" एवढा एसएमएस करून मी गप्प बसले, आणि तूही. फोन करायचा सोडून ताई पत्र काय लिहीत बसलीय, असं वाटेल तुला. वाटू दे थोडा वेळ.

आधी ऊर्मीची गंमत सांगते. लेकीने गाणी साठवायचं एक यंत्र घेतलंय, काड्यापेटीएवढं. त्यात म्हणे हजार गाणी मावतात. माणसाला जन्मात मनापासून आवडतात वीसेक, मग बाकीची कुणाच्या पाहुणचाराला, असं विचारलं तर "आई, प्लीज!" एवढंच उत्तर मिळतं. तुझी सीडीही तिने न ऐकताच त्यात उतरवून घेतली. म्हणाली, "गाडीत निवांत ऐकू." आता आमच्या गाडीचा टेप तुला माहीत आहे. कॅसेट घातली की चावून चोथा करतो, आणि सीडी घालायला त्याला तोंडच नाही. म्हणून तिने आणखी एक बोंडूक आणलं. ते सिगरेट पेटवायच्या भोकात खुपसायचं, त्याची वायर यंत्राला जोडायची, की ते बोंडूक आपल्यापुरतं रेडिओ स्टेशन होतं. मग गाडीतला रेडिओ त्याच्या आकड्यावर लावायचा. अट एकच, त्या आकड्यावर दुसरं कुणी बोलत नसावं. चेन्नईत ही अट पाळणं म्हणजे एग्मोरला गाडी लावायला जागा मिळवण्यासारखं आहे. हल्ली इतकी एफएम स्टेशनं निघालीत की कुठेही जा, कुणीतरी तमिळमध्ये आनंदाने किंचाळतच असतं.

काल आम्ही दोघी पेरुंगुडीला निघालो. ऑफिसजवळ भाड्याने घर बघतेय ती. वाटेत प्रत्येक सिग्नलला आकडा बदलणं चालू.

"हे बघ, रिकामं आहे."

"रिकामं कुठलं? नुसती खरखर आहे."

"खरखर म्हणजेच रिकामं, आई!"

एवढी शिकलेली मुलगी. म्हणत असेल तर असेल.

आणि मग आईची बाजाची पेटी वाजायला लागली. उपेंद्रा, खर्जातले सूर तसेच आहेत रे, भरलेल्या घागरीसारखे. आई भजनी मंडळात वाजवायची आणि तू शेजारी बसून भाता ओढायचास, मधेच पेंगायचास आणि सूर रडायला लागायचा. मी डोळे मिटून घेतले. वरचे सूर मात्र फार पुसट येत होते. दोष मी त्या बोंडकाला दिला.

पेटी थांबली आणि कुणीतरी पुरुष बोलायला लागला.

"आला बघ तुझा तमिळवाला," मी म्हटलं. "घुसलाच! बदल ते."

तो बोलतच होता, संथ, एका लयीत.

"अगं, बदल ना! किती बडबडतोय मेला. साबण विकत असेल."

तिने गाडी कडेला घेतली. यंत्र थांबवलं. डोळे भरलेले. मग माझ्याकडे तोंड करून म्हणाली, "आई, तो उपेंद्रमामा आहे."

"कोण?"

"मामा. मराठीत बोलतोय. तुझ्याशी."

सख्ख्या भावाची मराठी मला तमिळ बातम्यांसारखी ऐकू आली. आता पुढचं लिहून टाकते, हात अडखळायच्या आत.

मला ऐकू येत नाही, उपेंद्रा. ठार बहिरी नाही झालेले. आवाज येतो, शब्द येत नाहीत. चालीवरून कळतं की कुणीतरी बोलतंय, पण अक्षरांच्या कडा झिजून गेल्यात. दुसऱ्या गावात असते तर कधीच पकडली गेले असते. पण इथे मी महाराष्ट्रातली बाई. समोरचा काय म्हणाला ते कळलं नाही की "आमा, आमा" म्हणायचं, म्हणजे "हो, हो", आणि मान डोलवायची. बँकेतली विजयालक्ष्मी सगळ्यांना सांगते, "पावम, मॅडमना तमिळ येत नाही." बिचारी म्हणून दया करते माझी. तिला काय माहीत, मला तमिळ फर्मास येतं, ते कानापर्यंत येत नाही एवढंच! आणि घरात मी स्वतःच बोलत राहते. बोलणाऱ्याला ऐकावं लागत नाही. माझ्या तिखट जिभेचं कौतुक करणाऱ्यांनी हे लक्षात घेतलेलं बरं.

फोनवर मात्र मान डोलवता येत नाही. चेहराही दिसत नाही. मेमध्ये नव्या घराचं सांगायला तुझा फोन आला होता, आठवतं? तू विचारलंस, आणि मी ऐकलं ते असं: "ताई, आईची पेटी शिकू का?" मला काय आनंद झाला! मी म्हटलं, "अरे, खुशाल! विचारतोस काय? आई गेल्यापासून धूळ खात पडलीय. असेल तिथे तिलाही बरंच वाटेल." तू घाईने फोन ठेवलास. मला वाटलं, पन्नाशीत शिकायचं म्हणून लाजलास.

काल गाडीत ऊर्मीने तुझं एकेक वाक्य ऐकून माझ्याकडे बघत परत म्हटलं. "ताई, तू म्हणालीस म्हणून देतोय. गणपती झाले की माणूस पेटी न्यायला येईल. त्याआधी एकदा वाजवून ठेवली, तुझ्यासाठी."

तू "विकू का" विचारलं होतंस.

आणि असं विचारलं होतंस की मी "नको" म्हणावं. मी तुझी ताई आहे, एवढं मला न ऐकताही कळतं. तू त्या दिवशी फोन ठेवून काय काय मनात आणलं असशील, ते मला विचारायचंही धाडस नाही.

ऊर्मी तिथल्या तिथे तुला फोन लावत होती. मी हात धरला. म्हटलं, हे माझं मी सांगेन. ह्यांना रात्री जेवताना सांगितलं. ते काही तरी म्हणाले. मी "काय?" विचारलं, तेव्हा त्यांनी पुन्हा, सावकाश म्हटलं, "मला माहीत होतं." चुलीत गेला तो समजूतदारपणा! माहीत होतं तर ओरडायचं होतं. एग्मोरच्या कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. बघू काय लावतात ते. तुझ्या लेकाच्या लग्नात मला कुणी आजीबाई म्हटलं तर मला ते ऐकू येणार, एवढाच त्यात तोटा दिसतो.

पेटी विकू नकोस. त्या माणसाला नाही म्हणून सांग. शब्द दिला असशील तर माझं नाव घे, वाईटपणा मला घेऊ दे. तुझ्या नव्या घरात खरंच जागा नसेल तर इकडे पाठव, आम्ही सोफा काढू. तिचे खालचे सूर मला अजून येतात. किती दिवस येतील, ठाऊक नाही.

काय ठरवतोस ते लिहून कळव. फोन केलास तर मी "हो" म्हणेन, आणि माझ्या "हो"वर तू आता मुळीच विश्वास ठेवायचा नाही.

तुझीच,
कमलिनीताई